लुप्त इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताना: फ्रेंच वाट, लॅटिन वाट आणि मधले चकवे

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ओफेलियाला उद्देशून ‘ओरिझन्स’ असा शब्द येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या कागदांत ‘प्यूनी जज’ भेटतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात स्तोत्रकार म्हणतो की त्याने पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं. भाषांतर करणारा, कायदा शिकणारा किंवा जुनं इंग्रजी आवडीने वाचणारा माणूस इथे अडतो आणि मग मुळाचा अंदाज बांधतो. हा अंदाज शब्दाच्या दिसण्यावरून बांधलेला असतो, म्हणून तो फार वेळा चुकतो. मूळ सांगायचं तर तीन गोष्टी पुराव्याने दाखवाव्या लागतात: शब्द इंग्रजीत कधी आला, कोणाच्या हातून आला आणि वाटेत त्याचे कोणते अवयव झिजले.

मराठी वाचकाला यातली मुख्य कल्पना नव्याने शिकावी लागत नाही. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’, ‘कर्ण’ आणि ‘कान’, ‘पर्ण’ आणि ‘पान’ या जोड्या आपण तत्सम-तद्भव म्हणून शाळेतच पाहिलेल्या असतात. इंग्रजीत लॅटिन शब्दांचं हेच झालं. काही लॅटिन शब्द फ्रान्समधल्या लोकांच्या तोंडी शतकानुशतकं झिजले आणि १०६६ मधल्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच रूपात इंग्लंडला पोहोचले, ते तद्भव. काही शब्द पंडितांनी थेट पुस्तकातून उचलले, विशेषतः सोळाव्या शतकात, ते तत्सम. ‘ओरेशन’ आणि ‘ओरिझन’ हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. पहिला पुस्तकातून आला आणि टिकला, दुसरा तोंडातून आला आणि मागे पडला.

लॅटिन आणि जुनी फ्रेंच रूपं इथे स्पेलिंगला धरून लिहिली आहेत. कोशात शोधताना रोमन अक्षरं नेमकी लागतात, म्हणून गरज आहे तिथे ती सुटी करून दिली आहेत.

पहिली पायरी: शब्द नीट टिपा

शब्द एकटा टिपू नका. पूर्ण वाक्य, पुस्तकाचं साल आणि छापलेलं स्पेलिंग जसंच्या तसं लिहून घ्या. साल नसेल तर पुढची निम्मी कसोटी लागतच नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या छपाईत ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब काढत. ते ‘एफ’सारखं दिसतं, फक्त आडवी रेघ उजवीकडे जात नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकात संगणक ते ‘एफ’ म्हणूनच वाचतो. त्यामुळे ‘ओरिझन’ शोधताना ‘ओ-आर-आय-एफ-ओ-एन’ हेही टाकून पाहा. ‘फॉइझन’चं तर ‘फॉइफन’ झालेलं असतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही स्वतंत्र अक्षरं मानत नसत. शब्दाच्या आरंभी ‘व्ही’ आणि आत ‘यू’ छापत, म्हणून ‘अपॉन’ हा शब्द ‘व्ही’ने सुरू झालेला दिसेल. ‘आय’ आणि ‘वाय’ तर सर्रास एकमेकांच्या जागी येतात. अशी चार-पाच रूपं कागदावर मांडल्याशिवाय शोध सुरू करू नका.

दुसरी पायरी: शब्द मेला आहे की अर्थ?

हे आधी ठरवा, कारण शोधाची दिशा त्यावर ठरते. ‘ओरिझन’ शब्दच वापरातून गेला. ‘प्रिव्हेंट’ मात्र जिवंत आहे, त्याचा जुना अर्थ तेवढा गेला. लॅटिन ‘प्राय’ म्हणजे आधी आणि ‘वेनीरे’ म्हणजे येणे. स्तोत्रकार पहाट उजाडण्याआधी उठला होता, त्याने पहाट रोखली नव्हती. त्याच बायबलात प्रेषितांचा प्रवास सांगताना ‘कॅरिजेस’ उचलल्याचं म्हटलं आहे, तिथे गाड्या नाहीत, सामानसुमान आहे. शब्द ओळखीचा असला की आपण कोश उघडत नाही, आणि भाषांतरातल्या चुका इथेच जास्त होतात.

तिसरी पायरी: कोश कोणत्या क्रमाने उघडायचे

सुरुवात ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ने करा. अद्ययावत आवृत्तीला वर्गणी लागते, पण १८८४ ते १९२८ या काळात निघालेल्या पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहेत, आणि लुप्त शब्दांसाठी ते आजही फार उपयोगी पडतात. शब्द १५०० च्या आधीचा असेल तर मिशिगन विद्यापीठाची ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’ पाहा. ती २००१ मध्ये पूर्ण झाली आणि संकेतस्थळावर मोफत आहे. तिथले नोंदशब्द त्या काळच्या स्पेलिंगमध्ये आहेत. ‘ओरिझन’ टाकून नोंद सापडली नाही तर शेवटी ‘ओ-यू-एन’ लावा: ‘ओरिसून’, ‘बेनिसून’, ‘फॉइसून’. मग इंग्लंडमधल्या फ्रेंचसाठी ‘अँग्लो-नॉर्मन डिक्शनरी’, फ्रान्समधल्या फ्रेंचसाठी ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ आणि लॅटिनसाठी १८७९ चा लुईस आणि शॉर्ट यांचा कोश. हे तिन्ही ऑनलाइन मोफत मिळतात.

लॅटिन कोशात अडखळण्याचं ठरलेलं ठिकाण एकच. इंग्रजी कोश व्युत्पत्तीत लॅटिन नामाची द्वितीया देतात, ‘ओरातिओनेम’ अशी, कारण फ्रेंच रूप त्याच विभक्तीतून निघालं. लॅटिन कोशात मात्र प्रथमा असते, ‘ओरातिओ’. क्रियापदाचंही तसंच. इंग्रजी कोशात ‘फातिगारे’ दिसेल, लॅटिन कोशात ते ‘फातिगो’ म्हणजे ‘मी दमवतो’ या रूपाखाली सापडेल. ‘वेनारी’ म्हणजे शिकार करणे, हे ‘वेनोर’खाली. रूप बदलून पाहिलं नाही तर शब्द लॅटिनमध्ये नव्हताच असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

चौथी पायरी: नोंद वाचणं

ऑक्सफर्डच्या जुन्या आवृत्तीत नोंदशब्दाआधी कट्यारीची खूण असेल तर शब्द लुप्त आहे. कट्यार एखाद्या अर्थाच्या क्रमांकाआधी असेल तर फक्त तो अर्थ लुप्त. दोन उभ्या समांतर रेघा म्हणजे शब्द इंग्रजीत पुरता मुरलेला नाही. चौकोनी कंसात व्युत्पत्ती असते. तिथला ‘ए’ आणि टिंब म्हणजे शब्द जसाच्या तसा उचलला. ‘ए-डी’ आणि टिंब म्हणजे थोडा बदलून घेतला. ‘एफ’ आणि टिंब म्हणजे अमुकपासून घडवला. हाच ‘ए’ सालाआधी आला की त्याचा अर्थ ‘त्या सालापूर्वी’ असा होतो, आणि ‘सी’ म्हणजे ‘सुमारे’. तारांकित रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, ते नियमांवरून मागे जाऊन मांडलेलं असतं. आपल्या टिपणात ते उतरवताना तारा गाळू नका.

मग पहिल्या आणि शेवटच्या अवतरणाचं साल उतरवून घ्या. तेराव्या-चौदाव्या शतकात प्रथम दिसणारा शब्द बहुधा फ्रेंच वाटेने आलेला असतो. सोळाव्या शतकात प्रथम दिसणारा आणि शेवटी ‘ए-टी-ई’ असणारा शब्द बहुधा थेट लॅटिनमधून. हे ‘ए-टी’ म्हणजे लॅटिन धातुसाधिताचं ‘आतुस’, आपल्या संस्कृतातल्या क्त-प्रत्ययान्त रूपाचा सख्खा भाऊ. ‘कोरिओलेनस’ नाटकात ‘फॅटिगेट’ आहे, अर्थ दमलेला. तो लॅटिन ‘फातिगातुस’पासून आला. पुढे फ्रेंच घडणीचा ‘फटीग’ रुळला आणि ‘फॅटिगेट’ गेला.

पाचवी पायरी: ध्वनीची कसोटी

सगळ्या कामात ही पायरी सर्वांत मोलाची आहे. कोशाने सांगितलेलं मूळ खरं का, हे इथे आपलं आपल्याला पडताळता येतं.

इंग्रजीत ‘-इझन’, ‘-अझन’ने संपणारे शब्द घ्या. लॅटिनमध्ये ‘-तिओनेम’ किंवा ‘-सिओनेम’ असा शेवट असलेली नामं खूप होती. लोकांच्या तोंडी शेवटचा ‘म’ आधीच गळला होता. मग स्वरांमधला ‘ति’ मऊ होत होत ‘झ’कडे सरकला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘-एसोन’, ‘-इसोन’ असा शेवट तयार झाला. ‘रातिओनेम’चं ‘रेसोन’ आणि इंग्रजीत ‘रीझन’. ‘पोतिओनेम’ म्हणजे पेय. त्याचं झालं ‘पॉइझन’, तर पुस्तकी वाटेने आलेलं त्याचंच भावंड ‘पोशन’. ‘सातिओनेम’ म्हणजे पेरणी, त्यापासून ‘सीझन’. ‘वेनातिओनेम’ म्हणजे शिकार, त्यापासून हरणाचं मांस ‘व्हेनिझन’. विश्वासघाताच्या ‘ट्रीझन’मागे ‘त्रादितिओनेम’, म्हणजे दुसऱ्याच्या हाती देणं; ‘ट्रॅडिशन’ही तिथूनच.

आता हीच किल्ली लुप्त शब्दांना लावा. ‘ओरिझन’ म्हणजे प्रार्थना, ‘ओरातिओनेम’पासून, मधला ‘त’ कुठे गेला ते आता दिसतं. ‘बेनिझन’ म्हणजे आशीर्वाद, ‘बेनेदिक्तिओनेम’पासून, आणि त्याचं पुस्तकी भावंड ‘बेनेडिक्शन’ अजून चर्चमध्ये ऐकू येतं. ‘मॅलिझन’ म्हणजे शाप, भावंड ‘मॅलेडिक्शन’. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधला ‘फॉइझन’ म्हणजे सुबत्ता, ‘फूसिओनेम’ म्हणजे ओतणं, यापासून. धान्याची रास ओतल्यासारखी पडावी तशी ही सुबत्ता. त्याचं भावंड म्हणजे विज्ञानातलं ‘फ्यूजन’. एवढे वेगळे दिसणारे दोन शब्द एका घरचे निघतात, आणि ते अंदाजाने नाही, नियमाने कळतं.

पण शेवट जुळला म्हणजे मूळ जुळलं असं नाही. ‘युनिसन’मधला शेवट हा प्रत्यय नाही, तो लॅटिन ‘सोनुस’ म्हणजे आवाज. ‘गॅरिसन’मध्ये प्रत्यय लॅटिन वळणाचाच आहे, पण धातू जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातला. म्हणून प्रत्यय सोलून उरलेला भाग लॅटिनमध्ये खरोखर आहे का, हे दर वेळी पाहायचं.

बाकीच्या खुणा थोडक्यात. स्वरांमधला ‘ग’ फ्रेंच वाटेत विरघळतो: ‘रेगालिस’चं पुस्तकी रूप ‘रीगल’, तोंडी रूप ‘रॉयल’. चौदाव्या शतकातल्या चौसर या इंग्रजी कवीच्या काळात त्याचंच आणखी एक रूप ‘आर-ई-ए-एल’ असं लिहीत. आजच्या ‘रिअल’शी त्याचा काही संबंध नाही, कारण तो ‘रेस’ म्हणजे वस्तू यापासून आला. ‘क्त’चं ‘इत’ होतं, म्हणून ‘स्ट्रिक्ट’ला ‘स्ट्रेट’ हे अरुंद अर्थाचं भावंड आहे. ‘क’नंतर ‘आ’ असेल तर पॅरिसकडच्या बोलीत ‘च’ झाला आणि नॉर्मंडीत ‘क’ टिकला. ‘कॅटल’ आणि ‘चॅटल’ यांतला फरक एवढाच. जर्मानिक ‘व’चं पॅरिसकडे ‘ग’ झालं, नॉर्मंडीत तो ‘व’च राहिला: ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’.

सहावी पायरी: फ्रेंचवर थांबू नका

‘फ्रेंचमधून आला’ आणि ‘लॅटिन मूळ’ ही दोन वेगळी विधानं आहेत. फ्रान्सला आपलं नाव देणाऱ्या फ्रँक लोकांची बोली जर्मानिक होती आणि तिचे पुष्कळ शब्द फ्रेंचमध्ये शिरले. ‘ऑर्ग्युलस’ म्हणजे गर्विष्ठ. शब्द फ्रेंच वाटेने आला, प्रत्यय लॅटिन ‘-ओसुस’चा, पण मूळ फ्रँकिश. ‘गर्डन’ म्हणजे बक्षीस, हा तर मिश्र वाणाचा शब्द आहे. जर्मानिक ‘विदरलोन’ म्हणजे उलट दिलेला मोबदला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये लिहिताना त्यातल्या ‘लोन’च्या जागी ‘दोनुम’ म्हणजे दान हा लॅटिन शब्द बसला, आणि ‘विदरदोनुम’चं फ्रेंचमध्ये ‘गर्दोन’ झालं. आरंभीच्या ‘ग’नेच खरं तर संशय यायला हवा.

याच्या उलट चकवा ‘लेमन’चा. इथे लिंबू नव्हे, प्रियकर किंवा प्रेयसी. स्पेलिंग ‘एल-ई-एम-ए-एन’. दिसायला फ्रेंच ‘लेमां’सारखा, म्हणून अनेकांना तो प्रेम करणारा या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आलासा वाटतो. तो शुद्ध देशी आहे: ‘लेओफ’ म्हणजे प्रिय आणि ‘मान’ म्हणजे माणूस.

सातवी पायरी: नंतर चढवलेली अक्षरं ओळखा

शब्द फ्रेंच वाटेने आला तरी पंडितांना त्याचा लॅटिन चेहरा हवा असे. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका हे शब्द पूर्वी ‘बी’शिवाय लिहीत; लॅटिन ‘देबितुम’ आणि ‘दुबितारे’ डोळ्यांसमोर ठेवून ‘बी’ घुसवला, उच्चार मात्र बदलला नाही. ‘अव्हेंचर’मध्ये ‘डी’ घातला आणि तो उच्चारातही आला. लुप्त ‘परअड्व्हेंचर’, म्हणजे कदाचित, यातला ‘डी’ तसाच. ‘आयलंड’ शब्द जर्मानिक आहे, त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी संबंध नाही, पण बेट याच अर्थाच्या ‘आइल’च्या नादाने त्यालाही ‘एस’ चिकटला. ‘अबॉमिनेबल’मध्ये एके काळी ‘एच’ लिहीत, कारण तो ‘अब होमिने’ म्हणजे माणसाला न शोभणारा असा समज होता. खरं मूळ ‘ओमेन’ म्हणजे शकुन, अपशकुन म्हणून टाळावा असा. ‘ईगल’ या शब्दाबाबत तर पूर्ण शब्दच बदलला. हा पक्षी नव्हे. ‘ई-जी-ए-एल’ म्हणजे समान, फ्रेंच रूप. शेक्सपिअरमध्ये तो आहे, पण लॅटिन ‘आयक्वालिस’ला जवळचा ‘ईक्वल’ त्याच्या जागी बसला.

त्यामुळे नियम असा: आजचं स्पेलिंग पुरावा म्हणून वापरू नका. शब्दाचं सर्वांत जुनं नोंदलेलं स्पेलिंग काढा आणि शंकास्पद अक्षर त्यात आहे का ते पाहा.

कायद्यातले दोन शब्द शेजारी ठेवले की हे स्पष्ट होतं. ‘प्यूनी’ आणि ‘मीन’, दोन्हींच्या शेवटी ‘एस-एन-ई’, आणि दोन्हींत ‘एस’ मुका. ‘प्यूनी’ म्हणजे फ्रेंच ‘पुइस’ आणि ‘ने’, नंतर जन्मलेला, म्हणून कनिष्ठ. मागे लॅटिन ‘पोस्त’ आणि ‘नातुस’. मुंबईचं सुप्रीम कोर्ट १८२३ च्या सनदेने स्थापन झालं तेव्हा एक मुख्य न्यायाधीश आणि दोन प्यूनी न्यायाधीश अशी रचना होती. किरकोळ, दुबळा या अर्थाचा आजचा ‘प्युनी’ हा तोच शब्द, उच्चाराप्रमाणे लिहिलेला. इथला ‘एस’ खरा, फ्रेंच ‘पुइस’चा. ‘मीन’ आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये अजून जिवंत आहे: ‘मीन प्रॉफिट्स’, म्हणजे बेकायदा ताबा असलेल्याने त्या मालमत्तेतून मिळवलेला किंवा साधारण काळजी घेतली असती तर मिळवता आला असता असा नफा. मूळ लॅटिन ‘मेदिआनुस’, मधला. त्यात ‘एस’ कधीच नव्हता. नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘एन’च्या आधीचा ‘एस’ बोलण्यातून गेला होता, तरी लिहिण्यात राहिला होता. लेखनिकांनी त्या सवयीने तो जिथे नव्हता तिथेही घातला.

आठवी पायरी: शब्द खरोखर होता का?

जुन्या कोशांत न बोललेले शब्दही आहेत. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीने सुमारे २,५०० अवघड शब्दांचा कोश काढला. त्यानंतरच्या कोशकारांनी संख्या वाढवण्यासाठी लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपट्या लावून नोंदी केल्या. शब्दाची सगळी अवतरणं कोशांतलीच असतील तर टिपणात तसं स्पष्ट लिहा. दुसरा प्रकार भुताळी शब्दांचा. ‘ॲबॅकॉट’ म्हणजे राजाची शिरटोपी अशी नोंद अनेक कोशांनी एकमेकांवरून उतरवली. मूळ शब्द होता ‘बायकॉकेट’, जुन्या फ्रेंच ‘बिकोकेत’पासून. त्याच्याआधीचं ‘ए’ हे उपपद चुकून त्याला चिकटलं आणि छपाईत अक्षरं बिघडली. एकच कोश प्रमाण धरणाऱ्याला अशा शब्दाचंही लॅटिन मूळ सापडतं, ही खरी भीती आहे.

शेवटचं काम: साखळी लिहिणं

टिपण उलट्या क्रमाने लिहा, इंग्रजीकडून मागे, आणि प्रत्येक कडीला रूप, भाषा आणि अर्थ द्या. ‘केटिफ’ घेऊ. इंग्रजीत सुमारे १३०० पासून, अर्थ आधी कैदी, मग दीनवाणा माणूस, मग नीच, भित्रा. त्यामागे नॉर्मन फ्रेंच ‘काइतिफ’, ‘क’ टिकलेला. पॅरिसकडचं रूप ‘चाइतिफ’, आजच्या फ्रेंचमध्ये ‘शेतिफ’, म्हणजे किरकोळ प्रकृतीचा. दोन्हींमागे लॅटिन ‘काप्तिवुस’, पकडलेला. इटालियनमध्ये त्याचंच ‘कात्तिवो’ म्हणजे वाईट. पुस्तकी भावंड ‘कॅप्टिव्ह’ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं आणि कैदी हा अर्थ त्याने घेतला, म्हणून ‘केटिफ’कडे शिवी तेवढी उरली. अर्थाच्या पायऱ्या अशा सलग लागत असतील तरच साखळी पक्की धरा. मध्ये उडी दिसली तर तिथल्या काळाचं एक अवतरण शोधा.

काही शब्दांचा निकाल लागत नाही. चौदाव्या शतकातले ‘-शन’ने संपणारे अनेक शब्द फ्रेंचमधून घेतले की लॅटिनमधून, हे रूपावरून सांगता येत नाही, कारण फ्रेंचनेही ते पुस्तकातूनच उचलले होते आणि लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा येत होत्या. तिथे ‘फ्रेंच किंवा लॅटिन’ असंच लिहायचं, आणि समोर पहिल्या अवतरणाचं साल.